टिळेकर काकूंचा फोन

"माझा फोन कधीपर्यंत सुरू होईल गं?" टिळेकर काकूंनी विचारलं, तेव्हा आकाशपाळण्यातली आमची केबिन जवळजवळ माथ्यावर पोहोचली होती.

"संध्याकाळपर्यंत होईल काकू. हॉटेलवर गेल्यावर नवीन कार्ड घालून बघू."

माझं वाक्य पुरं होईपर्यंत पायाखाली बारीकसा धक्का बसला. खालची माणसं, बसगाड्या, झाडं हळूहळू सरकत होती ती सरकायची थांबली. मला वाटलं, खाली कुणी वृद्ध माणूस चढत असेल, म्हणून क्षणभर थांबवला असेल. मग केबिनच्या छतातून एका बाईचा गोड आवाज आला. तांत्रिक अडचण आहे, काळजीचं कारण नाही, कृपया बसून राहा. घड्याळात अकरा चाळीस झाले होते.

शहराचं नाव मी सांगणार नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. तो आकाशपाळणा अजून फिरतो, रोज हजारो लोक त्यात बसतात, आणि त्या दिवशी जे झालं त्यात पाळण्याचा दोष सगळ्यात कमी होता. आपल्या जत्रेतल्या पाळण्यासारखा तो उघडा नसतो. चारी बाजूंनी काच असलेली खोलीच असते ती, पंधरा माणसं मावतील एवढी. दार बाहेरून बंद होतं. एक फेरी पूर्ण व्हायला अर्धा तास लागतो, आणि वर गेलं की बंदर, नदी, बागा, काचेच्या इमारती, सगळं शहर नकाशासारखं पसरलेलं दिसतं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. पुण्याच्या एका प्रवासी कंपनीत टूर लीडर. स्वरूपा शेलार, गळ्यात ओळखपत्र, हातात पिवळी छत्री. एकटीने नेलेली ती माझी पहिलीच सहल होती. माझ्यासकट अठरा माणसं. चौदाजण पुढच्या केबिनमध्ये बसवून दिले आणि उरलेल्या तिघांना घेऊन मी मागच्या केबिनमध्ये चढले. बँकेतून निवृत्त झालेले उपासनी काका, त्यांच्या पत्नी मीनाक्षीकाकू, आणि सांगलीच्या शालन टिळेकर.

टिळेकर काकू चौसष्टच्या होत्या. एकट्या आल्या होत्या. त्यांचे यजमान वसंतराव पाटबंधारे खात्यात होते. सहल त्यांनीच ठरवली होती, पण निघायच्या महिनाभर आधी बाथरूममध्ये पाय घसरून पडले आणि घोट्याला प्लास्टर चढलं. काकू रद्दच करायला निघाल्या होत्या. "तू तरी बघून ये आणि मला सगळं सांग," असं म्हणून त्यांनी बायकोला जवळजवळ ढकलूनच पाठवलं होतं. कोणत्या दिवशी काय बघायचं, ते त्यांनी वहीच्या कागदावर लिहून दिलं होतं. काकू रोज सकाळी नाश्त्याच्या टेबलावरून त्यांना फोन लावायच्या आणि आदल्या दिवशी काय पाहिलं ते सांगायच्या. पलीकडून प्रश्न यायचे. त्या पुलाची लांबी किती? पाणी कुठून आणतात? काकू फोनवर हात ठेवून मला विचारायच्या आणि उत्तर त्यांना पोचवायच्या. तीन दिवस हे चाललं होतं. हा चौथा दिवस होता.

चौथ्या दिवशी सकाळी पावणेआठला माझा फोन वाजला. काकूंचा मुलगा प्रसन्न बोलत होता. भारतात तेव्हा सव्वापाच झाले होते.

"बाबांना हार्ट अटॅक आलाय. आत्ता दवाखान्यात आणलंय. शुद्धीवर आहेत, बोलतायत. डॉक्टर म्हणाले, बघू." त्यांचा आवाज चढत-उतरत होता. "आईला काही सांगू नका. तिचं स्वतःचं बीपी हाताबाहेर असतं. परक्या देशात एकटी आहे, तिकडे तिला काही झालं तर मी कुणाकुणाकडे बघू? उद्या संध्याकाळी तुम्ही निघतायच ना? ती इथे आली की मी सांगतो."

"पण त्या आत्ता नाश्त्याला आल्या की काकांना फोन लावतील."

"तिचा फोन घ्या तुमच्याकडे. काहीही सांगा. प्लीज."

मी पुण्याला आमच्या सबनीस सरांना उठवलं. ते म्हणाले, "घरच्यांनी सांगितलंय तेवढंच करायचं. मुलाकडून मेसेजवर लेखी घे आणि गप्प राहा. तू त्यांची नातेवाईक नाहीस." मी लेखी घेतलं. खरं सांगते, तेव्हा मला हायसं वाटलं. कुणीतरी माझ्यासाठी ठरवून दिलं होतं.

सव्वाआठला काकूंनी फोन लावायला घेतला, तेव्हा मी म्हणाले, "बघू काकू, तुमचं रोमिंग आज चालत नाहीये असं ऑफिसचा मेसेज आहे." त्यांनी विश्वासाने फोन माझ्या हातात दिला. मी इकडेतिकडे बोटं फिरवली, आवाज पूर्ण बंद केला आणि तो माझ्या पर्समध्ये टाकला. "बंद पडलाय. मी करून घेते." मग माझ्या फोनवरून लावते म्हणून नुसताच कानाला धरला. "लागत नाहीये."

"वाट बघत बसतील गं," काकू म्हणाल्या. एवढंच.

त्यानंतर आम्ही ऑर्किडच्या बागेत गेलो. मी फुलांची नावं सांगितली, गटाचे फोटो काढले. काकू फुलं बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे बघत नव्हते.

आणि आता मी त्यांच्यापासून दोन हातांवर, काचेच्या बंद खोलीत बसले होते.

पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. एसी बारीक झाला. ऊन थेट काचेतून आत येत होतं. उपासनी काका उठून दारापाशी गेले, परत बसले, पुन्हा उठले.

"हे काय चाललंय स्वरूपा? खालच्या लोकांना फोन कर."

"केला काका. इंजिनियर आलेत म्हणतात."

"म्हणतात काय? किती वेळ लागेल ते विचार ना! आमच्या बँकेत लिफ्ट अडकली तर दहा मिनिटांत माणूस हजर असायचा."

"अहो, बसा ना," मीनाक्षीकाकू म्हणाल्या. "तुम्ही उभे राहिलात की मला गरगरतं." त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या.

टिळेकर काकू शांत होत्या. पाण्याची बाटली काढून त्यांनी आधी मीनाक्षीकाकूंना दिली, मग मला. "घोट घोट घ्या. एकदम नको."

सव्वाबाराला माझा फोन वाजला. प्रसन्नचं नाव दिसलं. मला तो घेणं भाग होतं आणि उठून जायला कुठेही जागा नव्हती. मी काचेकडे तोंड केलं.

"मॅडम, बाबांना व्हेंटिलेटरवर घेतलंय," ते म्हणाले. "तासाभरापूर्वी एकदम बिघडलं. डॉक्टर म्हणतायत, जवळच्या माणसांना बोलवून घ्या."

"हो," मी म्हणाले.

"आई कुठेय?"

"इथेच आहेत."

"तिला काही कळलं नाही ना?"

"नाही."

"नका सांगू. आज रात्रीच्या विमानात तिची सोय होते का बघा. काहीतरी कारण सांगा तिला. माझ्याच पायाला लागलंय म्हणा."

"बघते. ठेवते."

वळले तर तिघंही माझ्याकडे बघत होते.

"काय म्हणतायत? कधी सुरू होतोय?" उपासनी काकांनी विचारलं.

"अर्ध्या तासात."

"मग इतका वेळ हो-नाही करत काय बोलत होतीस?"

"ऑफिसचा फोन होता काका."

ते समाधान झाल्यासारखे बसले. टिळेकर काकू मात्र माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्या जागेवरून उठल्या, माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मी बत्तीस वर्षं वॉर्डात काढली आहेत. सिस्टर होते मी."

"माहीत आहे काकू."

"नातेवाईकांना काही सांगायचं नसलं ना, की आम्ही त्यांच्याकडे बघायचो नाही. सलाइनच्या बाटलीकडे बघत बोलायचं. सगळं ठीक आहे, डॉक्टर आले की सांगतील. तू सकाळपासून माझ्याकडे बघितलेलं नाहीस."

मी खाली बघितलं. दीडशे मीटर खाली माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. काहीजण वर बोट दाखवून फोटो काढत होते.

"यांचं काय झालंय?"

प्रसन्नचा लेखी मेसेज माझ्या फोनमध्ये होता. सबनीस सरांचा हुकूम होता. हे सगळं मला आठवत होतं, आणि त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. मी शूर वगैरे नव्हते. तिथून बाहेर पडायला जागा असती तर मी नक्की पळाले असते.

"पहाटे अटॅक आला काकू. साडेचारला."

"आता?"

"व्हेंटिलेटरवर आहेत."

त्यांनी डोळे मिटले नाहीत, काही नाही. फक्त साडीचा पदर मुठीत घट्ट धरला.

"माझा फोन कुठेय?"

"माझ्या पर्समध्ये."

"बिघडलाय?"

"नाही."

त्यांनी हात पुढे केला. मी पर्सची चेन उघडली, फोन काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी पडद्यावर बोट फिरवलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं नंबर शोधतायत. मग त्यांनी मुलाला फोन लावला. त्यांनी तो मांडीवर ठेवून स्पीकर सुरू केला.

"आई? तुझा फोन... तुला कुणी सांगितलं? त्या बाईंना मी स्पष्ट..."

"ते राहू दे प्रसन्न. तू जेवलास का काही?"

पलीकडून नुसता हुंदका आला.

"रडू नको. ऐक. आयसीयूत ड्यूटीवर सिस्टर कोण आहे? तिला फोन दे."

"आई, ते बेशुद्ध आहेत. त्यांना काही ऐकू येणार नाही."

"कान सगळ्यात शेवटी जातात. दे तू."

बराच वेळ खरखर, दारांचे आवाज, कुणाशी तरी बोलणं. मग एका तरुण मुलीचा आवाज. "बोला मावशी."

"बाळ, मी शालन टिळेकर. चार नंबरला... किंवा कुठल्या बेडवर असतील ते. वसंत टिळेकर माझे मिस्टर. मीपण सिस्टरच होते. बीपी किती आहे?"

मग सलाइनच्या बाटलीकडे न बघता बोलावं तशी सरळ म्हणाली, "सत्तर-चाळीस आहे मावशी. तेही इंजेक्शनवर."

"बरं." काकूंनी मान हलवली, जणू समोर ती मुलगीच उभी आहे. "फोन त्यांच्या कानाशी धरशील? डॉक्टर राउंडला आले की काढून घे. तोवर धर."

"धरते. बोला तुम्ही."

केबिनमध्ये यंत्राचा आवाज भरला. हवा आत ओढल्याचा, सोडल्याचा. एका ठरलेल्या लयीत.

"अहो," काकू म्हणाल्या. "मी बोलतेय."

हवा आत, हवा बाहेर.

"मी पाळण्यात आहे. तुम्ही लिहून दिलं होतंत ना, चौथा दिवस, मोठा पाळणा. तोच. वर आलाय आणि अडकलाय. म्हणजे भ्यायचं काही नाही. सगळं नीट दिसतंय." मग त्या बाहेर बघत गप्प झाल्या. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या बिछान्याशेजारी बोलणारी बाई स्वतःच्या नवऱ्याशी काय बोलावं ते शोधत होती. शेवटी माझ्याकडे वळल्या.

"सांग."

"काय सांगू काकू?"

"समोर काय काय आहे ते सांग. मला नावं लक्षात राहत नाहीत. त्यांना नावं लागतात."

गेले तीन दिवस बसच्या माईकवर जे बोलत होते ते सगळं डोक्यातून उडून गेलं होतं. मी काचेजवळ सरकले आणि समोर जे पहिलं दिसलं तिथून सुरुवात केली.

"डावीकडे बंदर आहे. जगातल्या मोठ्या बंदरांपैकी एक. बाहेर समुद्रात जहाजं आपला नंबर यायची वाट बघत उभी आहेत."

"ऐकलंत? डाव्या हाताला बंदर," काकू फोनवर वाकून म्हणाल्या. "जहाजं रांगेत उभी आहेत. आपल्या मार्केट यार्डात ट्रक उभे असतात तशी. किती असतील गं?"

"पन्नास तरी..."

"बासष्ट," उपासनी काका म्हणाले. गळ्यातली दुर्बीण त्यांनी डोळ्यांना लावली होती. "मी मोजलीत. मघाशी काही काम नव्हतं म्हणून. त्यांतली चार तेलवाहू."

"बासष्ट जहाजं आहेत, अहो. चार तेलाची."

"समोर नदी येऊन मिळते," मी म्हणाले. "तिच्या तोंडावर बंधारा घातलाय. आत गोडं पाणी, बाहेर खारं. शहराला प्यायला हेच पाणी देतात."

काकूंच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळलं. "बंधारा आहे बघा! तुमच्या कामाचं. दरवाजे किती?"

"नऊ. पोलादी. भरतीला बंद करतात आणि जादा पाणी पंपाने बाहेर काढतात."

"नऊ दरवाजे. पोलादी आहेत. भरती आली की बंद करतात आणि पंपाने पाणी बाहेर काढतात. तुम्ही काल विचारलंत ना, पाणी कुठून आणतात? हे असं आणतात."

हवा आत, हवा बाहेर. मी सांगत गेले. बंधाऱ्यापलीकडची हिरवी पट्टी म्हणजे समुद्रात भर टाकून केलेली बाग. तिच्या मागे खांबांवरून धावणारी गाडी. जुन्या बाजाराची कौलं. काकू माझं प्रत्येक वाक्य उचलून आपल्या भाषेत करून त्यांच्या कानात घालत होत्या. उपासनी काका मध्येच म्हणायचे, "ती उंच इमारत अठ्ठावन्न मजल्यांची आहे, साठ नाही," आणि काकू तेही दुरुस्त करून सांगायच्या. मीनाक्षीकाकूंनी केव्हातरी डोळे उघडले होते. त्या उठल्या, काचेशी गेल्या आणि चाचरत म्हणाल्या, "त्या गच्चीवर कुणीतरी भाजी लावलीये. वांगी आहेत वाटतं." टिळेकर काकूंनी वांगीही सांगितली.

किती वेळ गेला कळलं नाही. दहा-बारा मिनिटं असतील. मग पलीकडून त्या मुलीचा आवाज आला. "मावशी, डॉक्टर आलेत."

"बरं बाळ." काकू फोनवर आणखी वाकल्या. "ठेवते हं. अजून बरंच राहिलंय. उरलेलं आल्यावर सांगते."

त्यांनी फोन बंद केला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. एक वाजून वीस मिनिटांनी पुन्हा तसाच बारीक धक्का बसला आणि खालची माणसं सरकायला लागली. खाली उतरल्यावर तिथल्या व्यवस्थापकाने प्रत्येकाला थंड पाणी दिलं, माफी मागितली. मघापासून तक्रार करणारे उपासनी काका त्याला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी माझ्या हातातली पिवळी छत्री काढून घेतली. "बाकीच्यांना मी हॉटेलवर नेतो. तू यांच्या तिकिटाचं बघ."

रात्रीच्या विमानात जागा मिळाली. पाच वाजता मी काकूंना घेऊन विमानतळावर पोहोचले. सामान देऊन आम्ही बाकावर बसलो होतो, तेव्हा प्रसन्नचा फोन आला. काकूंनी तो स्वतः घेतला. "हं," म्हणाल्या. "किती वाजता?" मग, "मी येईपर्यंत थांबा." फोन ठेवून त्यांनी कपाळावरची टिकली काढली नाही, मंगळसूत्राला हात लावला नाही. पिशवीतून रुमाल काढून चष्मा पुसला.

मी म्हणाले, "काकू, माझं चुकलं."

"हो," त्या म्हणाल्या.

मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "माफ करा म्हणू नकोस. माझ्याकडे आत्ता कुणाला द्यायला काही नाही." थोड्या वेळाने त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "हे बघ."

पडद्यावर न घेतलेल्या फोनची यादी होती. सगळ्यांपुढे एकच नाव होतं. 'अहो'. पहिला आठ बेचाळीसचा. शेवटचा नऊ छपन्नचा. मी मोजले. अकरा होते.

आठ बेचाळीसला आम्ही बसमध्ये बसत होतो. नऊ छपन्नला मी ऑर्किडच्या कमानीखाली सगळ्यांना "जरा जवळ या" म्हणत होते. सव्वा तास तो माणूस दवाखान्याच्या खाटेवरून बायकोला फोन लावत होता, आणि फोन माझ्या कमरेशी, पर्समध्ये, आवाज बंद करून ठेवलेला होता.

"पाळण्यात दिसले मला," काकू म्हणाल्या. "तेव्हा बोलले नाही. तेव्हा समोरचं सांगायला तू हवी होतीस."

मला रडू येत होतं, आणि त्यांच्यासमोर रडायचा मला काही अधिकार नव्हता.

"प्रसन्नला हे कधी कळता कामा नये," त्या म्हणाल्या. "माझ्या काळजीपोटीच त्याने तुला तसं करायला सांगितलं. मी स्वतः त्याच्या जागी असते तर तेच केलं असतं. वॉर्डात किती जणांशी केलंय. पण त्याला हे कळलं तर तो आयुष्यभर यातून उठणार नाही. कबूल?"

"कबूल."

"हे पुसतात कसं ते मला येत नाही. तू पूस."

अकराही एकदम पुसता येतात, हे मला माहीत होतं. का कोण जाणे, मी एकेक पुसत गेले. त्या शेजारी बसून बघत होत्या. शेवटचा पुसला तेव्हा त्यांच्या विमानाची घोषणा झाली. त्यांनी फोन पिशवीत ठेवला, माझ्या दंडाला एकदा धरल्यासारखं केलं आणि गेल्या.

पुण्यात परतल्यावर सबनीस सरांनी मला बोलावलं. प्रसन्नची तक्रार आली होती. लेखी सूचना असताना आईला कळवलं, चारचौघांत कळवलं, अडकलेल्या पाळण्यात कळवलं. तिला काही झालं असतं तर? त्या महिन्यात माझी नोकरी गेली. घरी-दारी सगळे म्हणायचे, बघा, पोरीने खरं सांगितलं आणि तिलाच शिक्षा झाली. मी ऐकून घ्यायचे. नऊ महिन्यांनी मला दुसऱ्या कंपनीत काम मिळालं.

टिळेकर काकू त्यानंतर सहा वर्षं होत्या. आम्ही कधी भेटलो नाही, बोललो नाही. त्या गेल्याचं मला प्रसन्नकडूनच कळलं. गेल्या वर्षी, दुपारच्या वेळी, त्यांचा फोन आला.

"मॅडम, ओळखलंत का? आई गेली, पंधरा दिवस झाले. तिच्या वहीत तुमचा नंबर होता, म्हणून कळवावंसं वाटलं." मग अडखळत म्हणाले, "तेव्हा मी तुमच्याशी फार वाईट वागलो. तुमची नोकरी गेली, असं उपासनी काकांकडून नंतर कळलं. तुम्ही सांगितलंत म्हणून तिचं बाबांशी बोलणं तरी झालं. शेवटपर्यंत ती ते जहाजांचं, बंधाऱ्याचं सांगायची. तुमचे उपकार आहेत."

"असं नका म्हणू दादा."

"नाही, खरंच." ते थांबले. मला वाटलं, आता ठेवतील. "एक विचारू? खूप वर्षं डोक्यात आहे. आईला विचारायचा धीर झाला नाही."

"विचारा."

"त्या दिवशी सकाळी मी ॲडमिशनच्या कागदांमागे पळत होतो. बाबा तासभर एकटेच होते, पूर्ण शुद्धीवर. त्यांचा मोबाइल त्यांच्या खिशात होता. नंतर तो दवाखान्यातच कुठेतरी हरवला, मिळालाच नाही, नाहीतर मी बघितलं असतं. आईचा फोन तेव्हा तुमच्याकडे होता. त्यांनी लावला होता का तिला? एखादा तरी आला होता?"

माझ्या समोर टेबलावर पुढच्या सहलीचे कागद पसरलेले होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"नाही दादा," मी म्हणाले. "एकही आला नव्हता."

"नक्की ना?"

"नक्की. सकाळभर माझ्याजवळच होता तो."

पलीकडे त्यांनी सोडलेला श्वास मला स्पष्ट ऐकू आला.